बिअरचे ग्लास : पारख, माप आणि निगा

बिअरच्या ग्लासांचा नाद लागलेला माणूस सहसा आकारापासून सुरुवात करतो. कोणत्या बिअरला कोणता ग्लास, याचे तक्ते तो पाठ करतो आणि कपाटात एकेक नग जमवत जातो. मराठवाड्यात राहणाऱ्याने मात्र सुरुवात पाण्यापासून आणि उन्हापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे बिअरची चव ग्लासाच्या चुकीच्या आकारामुळे जेवढी बिघडते, त्यापेक्षा अधिक ती बोअरच्या क्षारांचा पांढरा थर, मे महिन्यातल्या संध्याकाळी तापलेली जाड काच आणि शेंगदाण्यांच्या तेलाचा हात यांमुळे बिघडते. म्हणून वीस शोभेच्या ग्लासांपेक्षा चार साधे, मापून घेतलेले आणि नीट धुतलेले ग्लास अधिक उपयोगाचे ठरतात. ते कसे निवडावेत, कसे तपासावेत आणि कसे सांभाळावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे. महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यास, बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. तेवढे काम आधी उरकलेले आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

बाटलीकडे पाहून ग्लास निवडावा

आपल्याकडे बिअर प्रामुख्याने ६५० मिलीची मोठी बाटली, ३३० मिलीची लहान बाटली आणि ५०० मिलीचा कॅन या रूपांत मिळते. ग्लासांची मापे मात्र दुसऱ्याच देशांतून आलेली आहेत. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा, अमेरिकी पाइंट ४७३ मिलीचा आणि आपल्या दुकानात ‘पाइंट’ म्हणून हातात ठेवली जाते ती बाटली ३३० मिलीची, त्यामुळे नुसते ‘पाइंट ग्लास’ एवढेच वाचून मागणी नोंदवणाऱ्याची फसगत ठरलेली असते. जर्मन पद्धतीची मापे आपल्या बाटल्यांशी त्यामानाने चांगली जुळतात. अर्धा लिटरच्या रेषेचा, म्हणजे तेवढे माप दाखवणारी रेघ काठाच्या खाली असलेला ग्लास ५०० मिलीच्या कॅनसाठी नेमका पुरतो, तर ६५० मिलीची बाटली दोघांत वाटायची असल्यास ३०० मिलीच्या रेषेचे दोन ग्लास घ्यावेत. उरलेली बिअर रेषेच्या वरच्या फेसात सामावते. या दोन मापांचे प्रत्येकी दोन ग्लास घरात असले, की बहुतेक प्रसंग निभावतात.

आकारांविषयी थोडक्यात सांगायचे, तर रोजच्या लागर, म्हणजे नेहमीच्या फिक्या सोनेरी बिअरसाठी तोंडाशी किंचित आत वळलेला साधा सरळ ग्लास उत्तम असतो. जर्मनीत विली बेखर या नावाने ओळखला जाणारा ग्लास याच घडणीचा आहे. गव्हाच्या बिअरला फेस भरपूर येतो, म्हणून तिचा वाइझन ग्लास उंच, बुडाशी निमुळता आणि रेषेच्या वर बरीच मोकळी जागा ठेवलेला असतो. तोंडाखाली फुगवटा असलेला इंग्रजी नॉनिक ग्लास दिसायला फारसा देखणा नसला, तरी फार व्यवहारी आहे. त्या फुगवट्यामुळे ग्लास एकात एक रचले तरी अडकत नाहीत आणि आडवे झाले तरी काठाचा टवका सहज उडत नाही. ट्यूलिप आणि स्निफ्टर हे फुगीर पोटाचे आकार वास धरून ठेवतात, त्यामुळे ते उग्र आणि गडद बिअरसाठी राखावेत. ज्याला एकच आकार घ्यायचा आहे, त्याने सरळ ग्लास घ्यावा आणि पुढे जावे.

दांड्याचा जाड मग हा मात्र स्वतंत्र प्रश्न आहे, आणि आपल्या हवेत तो गंभीर आहे. दांडा असल्याने हाताची ऊब बिअरला लागत नाही, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु खोलीतच ठेवलेली जाड काच स्वतः किती उष्णता बाळगून असते, हे कोणी सांगत नाही. कागदावर हिशेब करून पाहावा. एक ग्रॅम काच एक अंश थंड करण्यासाठी जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, तिच्या सुमारे पाचपट उष्णता एक ग्रॅम पाण्यासाठी लागते. खोली ३५ अंशांवर असेल, मगाचे वजन ८०० ग्रॅम असेल आणि त्यात ५ अंशांची अर्धा लिटर बिअर ओतली, तर काच आणि बिअर यांचे तापमान सारखे होईपर्यंत बिअर १२ अंशांच्या आसपास पोहोचते. तीच बिअर २०० ग्रॅम वजनाच्या पातळ ग्लासात ओतली, तर ती ७ अंशांवर थांबते. प्रत्यक्षात सगळी काच एकदम थंड होत नाही, त्यामुळे आकडे थोडे मागेपुढे होतील. पण पहिला घोट घेण्याआधीच पाच अंशांचा फरक पडू शकतो, ही गोष्ट उरतेच. म्हणून उन्हाळ्यात जाड मग वापरायचाच असेल, तर तो आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावा.

फ्रीजमध्ये, म्हणजे बर्फाच्या कप्प्यात नव्हे. बर्फाच्या कप्प्यात काचेवर हिमाचा थर बसतो, त्यात कप्प्यातल्या मटण-मासळीचा वास मुरतो, ओतताना त्या बारीक कणांवर बिअर उफाळते आणि हिम वितळले की त्याचे पाणी बिअरमध्येच मिसळते. फोटोला ते धुके छान दिसते, एवढाच त्याचा फायदा. घाई असल्यास ग्लास माठातल्या किंवा फ्रीजमधल्या गार पाण्याने आतून विसळून तसाच ओला वापरावा. काच थंड होते आणि ओल्या पृष्ठभागावर फेसही आटोक्यात राहतो.

उन्हाळ्यासाठी आणखी एक उपाय जर्मनीतल्या कोलोन शहराकडून घेण्यासारखा आहे. तेथे कोल्श ही बिअर २०० मिलीच्या सरळ, नळकांडीसारख्या ग्लासात देतात, म्हणजे ती गरम होण्याआधीच संपते. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, त्या प्रदेशाने खरे तर ही पद्धत आधी उचलायला हवी होती. लहान ग्लास, बाटली फ्रीजमध्ये आणि पुन्हा पुन्हा थोडे थोडे ओतणे, हे लिटरभराच्या मगापेक्षा कितीतरी शहाणपणाचे आहे.

बाजारात पारख करताना

छत्रपती संभाजीनगरात जुन्या वस्तूंच्या शोधात फिरणाऱ्याला जाफर गेटचा रविवारचा बाजार आणि छावणीचा गुरुवारचा बाजार ठाऊक असतात; लातूरकरांना गंजगोलाई आहे, नांदेडकरांना वजिराबाद. अशा ठिकाणी भांड्यांच्या ढिगात एखादा चांगला ग्लास हाती लागणे हा या नादातला सर्वांत मोठा आनंद आहे; मात्र भाव विचारण्याआधी चार परीक्षा कराव्यात. काठावरून बोट अलगद फिरवावे, कारण बारीक टवका डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतो. ग्लास सपाट फळीवर ठेवून डुगडुगतो का ते पाहावे. नखाने टिचकी मारावी. धड ग्लास छान वाजतो, तडकलेला बद्द आवाज देतो. शेवटी तो उन्हाकडे धरून फिरवावा. काचेवरचा पांढुरका डाग लिंबाचा रस लावून चोळल्यावर फिका झाला आणि वाळल्यावरही तसाच राहिला, तर तो बहुधा क्षारांचा असतो आणि घरी निघू शकतो. काचच खरखरीत होऊन धुरकटली असेल, तर ती कशानेही उजळत नाही आणि असा ग्लास फुकट मिळाला तरी घेऊ नये.

रंगीत छाप असलेल्या जुन्या ग्लासांबाबत विशेष सावध राहावे. जुन्या छपाईच्या रंगांत शिसे आणि कॅडमियम वापरले जात असे, म्हणून ओठ टेकतात त्या काठापर्यंत रंग आलेला असल्यास तो ग्लास पिण्यासाठी वापरू नये. हातात घेताच अनपेक्षित जड लागणारा, लखलखीत पैलूंचा जुना क्रिस्टल ग्लासही शिशाच्या काचेचा असू शकतो. तो कपाटात शोभेला राहू द्यावा.

विक्रेता ग्लास ‘टफन्ड’, म्हणजे खास मजबूत केलेल्या काचेचा असल्याचे सांगत असेल, तर ते घरी पडताळण्याची एक गमतीची युक्ती आहे. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, ग्लास त्याच्यासमोर धरावा आणि पोलराइज्ड गॉगल डोळ्यांपुढे धरून हळूहळू फिरवावा. पडद्याचा प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा असल्यामुळे, गॉगल अशा कोनात येतो की पडदा काळा पडतो. त्या वेळी ताण भरलेल्या काचेत उजळ, कधी रंगीत पट्टे उमटतात. काच तापवून झटकन थंड करताना तिच्यात मुद्दाम कोंडलेला ताण तो हाच.

ऑनलाइन सवलतीत ग्लास घेताना खोडलेल्या किमतीकडे दुर्लक्ष करून प्रति ग्लास भाव काढावा, ग्लासाचे वजन आणि उंची दिली आहे का ते पाहावे आणि पार्सल उघडताना सुरुवातीपासून चित्रण करावे, कारण फुटलेला नग परत करताना तेवढाच पुरावा कामाला येतो. वर्णनात ‘५०० मिली’ असे लिहिलेले असले, तरी ते बहुधा काठोकाठ भरल्यावरचे माप असते, आणि काठोकाठ भरलेल्या ग्लासात फेसाला जागाच उरत नाही. जर्मनीत गिऱ्हाइकाला बिअर देण्याच्या ग्लासावर मापाची रेषा आणि आकडा असावाच लागतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक ग्लासांवर तशी रेषा नसते, म्हणून ती आपणच आखून घ्यावी.

दोन स्वस्त उपकरणे

या कामासाठी एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे. दोन्ही वस्तू ऑनलाइन सवलतींत किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत थोडक्या पैशांत मिळतात. स्वस्त असल्यामुळेच त्या आल्याबरोबर तपासून घ्याव्यात. काट्यासाठी २० रुपयांची दहा नाणी चालतात. एका नाण्याचे ठरीव वजन ८.५४ ग्रॅम असते, म्हणजे दहांचे ८५ ग्रॅम दिसायला हवे. थर्मामीटरसाठी ग्लासभर बर्फाच्या चुऱ्यात थोडेसे पाणी घालून ढवळावे आणि सळई मधोमध धरावी. आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. उकळत्या पाण्यात मात्र १०० ची अपेक्षा करू नये, कारण संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्याने तेथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते.

पिस्तुलासारखा रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर याच सवलतींत खुणावत असतो. तो खेळणे म्हणून झकास आहे, पण ग्लासावर रोखला तर काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगतो, आतल्या बिअरचे नाही. या कामासाठी तो घेऊ नये.

रेषा आखणे आणि एक जुने कोडे

रेषा आखण्याची कृती सोपी आहे. कोरडा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि हळूहळू पाणी ओतावे. ३० अंशांच्या पाण्यात ५०० मिलीचे वजन ४९८ ग्रॅम भरते. घरगुती कामाला हा फरक सोडून दिला तरी चालतो. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत आणून बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि नंतर काचेवर टिकणाऱ्या मार्करने बारीक रेघ ओढावी. तीनशेच्या ग्लासासाठीही असेच करावे.

आता, काम येथे संपते. परंतु ज्याला कोड्यांची आवड आहे, तो येथे थांबणार नाही. आठ मापांचे भांडे भरलेले आहे, पाच आणि तीन मापांची भांडी रिकामी आहेत, दुसरे कोणतेही माप न वापरता आठाचे दोन समान भाग करा, हे कोडे मध्ययुगीन युरोपापासून चालत आलेले आहे. आपल्याकडे पाचशे आणि तीनशेच्या रेषांचे ग्लास आता तयार आहेत. तांब्यात किंवा जारमध्ये ८०० मिली पाणी घेतले, की कोडे टेबलावर मांडून झाले. उत्तर स्वतः शोधायचे असल्यास पुढचा परिच्छेद सोडून द्यावा.

जारमधून पाचशेचा ग्लास रेषेपर्यंत भरावा. त्यातून तीनशेचा भरावा, मोठ्यात दोनशे उरतात. तीनशेचा ग्लास जारमध्ये रिकामा करावा आणि मोठ्यातले दोनशे रिकाम्या झालेल्या लहान ग्लासात ओतावेत. पुन्हा जारमधून मोठा ग्लास भरावा आणि त्यातून लहान ग्लास रेषेपर्यंत भरून घ्यावा. लहान ग्लासात आधीचे दोनशे असल्यामुळे त्यात शंभरच मावतात आणि मोठ्यात चारशे उरतात. लहान ग्लास जारमध्ये ओतला, की जारमध्येही चारशे. एकूण सात वेळा ओतावे लागते.

या खेळाचा खरा उपयोग पुढे आहे. शेवटी मोठ्या ग्लासात उरणारे पाणी हे दोन ग्लासांच्या मापांतील फरकाच्या नेमके दुप्पट असते. त्यामुळे लहान ग्लासाची रेषा १० मिलीने खाली आखली गेली असेल, तर शेवटी ४०० ऐवजी ४२० मिली उरतात आणि जारमध्ये ३८०. चूक दुप्पट होऊन समोर येते आणि दोन बाजूंतील तफावत चाळीस मिलीची दिसते. दोन्ही रेषा सारख्याच चुकल्या असतील, तर मात्र कोडे बरोबर सुटेल आणि चूक लपून राहील, म्हणून काट्याला सुट्टी देता येत नाही. पाहुण्यांना पुढचे आव्हान द्यायचे असल्यास याच दोन ग्लासांनी नेमके शंभर मिली काढायला सांगावे. हे सगळे पाण्यानेच करावे. सात वेळा ओतलेली बिअर निव्वळ कडू पाणी होऊन बसते. शिवाय पाण्याचा खेळ घरातली लहान मुलेही खेळू शकतात.

धुणे

बिअरचा फेस तिच्यातली प्रथिने आणि हॉप्स या बिअरमध्ये घातल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या फुलांमधली कडू द्रव्ये यांच्या आधारावर टिकतो, आणि तेलाचा अगदी पुसट थरही तो मोडतो. आपल्या घरात तेलाचे मार्ग अनेक आहेत. रश्श्याच्या पातेल्याची घासणी ग्लासाला लागते, चिवड्याचा हात काठाला लागतो, ताकाचा ग्लास म्हणून तोच वापरला जातो. म्हणून बिअरच्या ग्लासांसाठी वेगळा मऊ स्पंज ठेवावा, भांडी घासायच्या द्रव साबणाचे एक-दोन थेंब पुरेसे मानावेत आणि हे ग्लास तेलकट भांड्यांच्या आधी धुवावेत. साबणवडी टाळावी, कारण तिचा थर काचेवर राहतो.

ग्लास स्वच्छ झाला की नाही, हे ओळखण्यासाठी तो आतून ओला करून निथळावा आणि आत चिमूटभर बारीक मीठ भुरभुरावे. मीठ सगळीकडे सारखे चिकटले, तर काच स्वच्छ आहे. जेथे चिकटले नाही, तेथे तेल आहे. पिताना प्रत्येक घोटामागे काचेवर फेसाचे कडे उरणे, हीदेखील स्वच्छतेचीच खूण होय.

बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे डाग साबणाने जात नाहीत, त्यांना आम्लच लागते. लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर सायट्रिक ॲसिड विरघळवावे, ग्लास त्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत आणि स्वच्छ पाण्याने विसळावेत. पांढरे व्हिनेगर समभाग पाण्यात मिसळूनही काम होते. सोनेरी काठ किंवा रंगीत छाप असलेले ग्लास मात्र यात बुडवू नयेत. ज्या ग्लासांच्या तळाशी बुडबुड्यांची धार सुरू राहावी म्हणून बारीक खडबडीत नक्षी कोरलेली असते, त्यांना हे स्नान अधिक वेळा घालावे, कारण क्षारांनी नक्षी बुजली की धार बंद पडते.

पाणी जपून वापरणे येथे ओघानेच येते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता. त्या प्रदेशात एका ग्लासासाठी नळ सोडून उभे राहणे शोभत नाही. एका पातेल्यात साबणाचे पाणी, दुसऱ्यात साधे पाणी घ्यावे आणि शेवटच्या विसळणीसाठी आरओ फिल्टरचे अर्धा ग्लास पाणी घेऊन तेच एका ग्लासातून दुसऱ्यात फिरवत न्यावे. शेवटचे पाणी क्षारमुक्त असल्यास वाळताना डाग पडत नाहीत, आणि चार ग्लासांना मिळून तेवढे पाणी पुरते.

धुतलेले ग्लास फडक्याने पुसू नयेत, कारण फडक्याचे तंतू आणि घरातले तेल दोन्ही काचेला लागतात. ते जाळीवर उपडे ठेवावेत, म्हणजे खालून हवा खेळते. आपल्या कोरड्या हवेत ते लवकर वाळतात. वाळल्यानंतर कपाटात मात्र सुलटे ठेवावेत. उपडे ठेवल्यास कपाटाचा वास आत कोंडतो आणि सगळा भार सर्वांत नाजूक भागावर, म्हणजे काठावर येतो. धूळ बसू नये म्हणून वर कोरा कागद पसरावा आणि वापरण्याआधी गार पाण्याने एकदा विसळून घ्यावे.